डॉस की सीपी/एम-८६, आणि वर पास्कल कोणतं?

समजा, १९८३ चं वर्ष सरत आलंय. टेबलावर आयबीएम पीसी आहे, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आहेत, प्रोग्रॅम लिहायचेत आणि खिसा काही फार जड नाही. काय घ्यावं? संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम डॉस की सीपी/एम-८६? आणि पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्याचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, कोणाचा?

वर्षभर आधी हा प्रश्नच पडला नसता. पीसी-डॉस (आयबीएमची डॉस) ४० डॉलरला, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ मात्र २४० ला. सहापट! १९८३ मध्ये डॉस २.० आली ती ६० डॉलरला, आणि सीपी/एम-८६ चा भावही ६० वर उतरला. म्हणजे दोघी एका पातळीवर. उलट असेम्ब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिणाऱ्याला सीपी/एम-८६ च स्वस्त पडते, कारण त्या भाषेचं भाषांतर करणारा असेम्बलर तिच्यासोबतच येतो. आयबीएमचा मॅक्रो असेम्बलर घ्यायचा तर वेगळे १०० मोजा. डॉसच्या डब्यात बेसिक ही सोपी भाषा आणि डीबग हे चुका शोधायचं साधन मिळतं, असेम्बलर नाही. तरी मी डॉसच घेतली असती. २.० मध्ये सबडिरेक्टरी (फोल्डरच्या आत फोल्डर) आहेत, हार्ड डिस्कची सोय आहे. आणि प्रोग्रॅम विकायचा तर गिऱ्हाईक कुठे आहे तेही बघावं लागतं. सीपी/एम-८६ ची स्वस्ताई आली, पण वरात निघून गेल्यावर.

खरी तफावत कंपायलरमध्ये आहे. आयबीएमचं पास्कल ३०० डॉलरचं, बोरलँडचं नवं टर्बो पास्कल ४९.९५ चं. पण पैशांपेक्षा कामाची पद्धत बघा. आयबीएमच्या पास्कलमध्ये एडिटर वेगळा, मग कंपायलरचा पहिला फेरा, दुसरा फेरा, मग तुकडे जोडणारा लिंकर, मध्ये फ्लॉप्यांची अदलाबदल. एवढं करून कळतं काय, तर बाराव्या ओळीत अर्धविराम राहिलाय. टर्बोमध्ये एडिटर आणि कंपायलर एकाच छोट्या फाइलीत. चूक सापडली की कर्सर थेट तिथे जाऊन उभा राहतो. एडिटरच्या कळाही वर्डस्टार या त्या वेळच्या लोकप्रिय वर्ड प्रोसेसरच्याच, त्यामुळे बोटांना नव्याने शिकवावं लागत नाही.

टर्बोची खोट एकच, पण मोठी: कोड ६४ केबीत बसवावा लागतो, आणि तुकडे वेगवेगळे कंपाइल करून जोडता येत नाहीत. हिशेबाचं मोठं पॅकेज करायचं असेल तर ३०० वाल्याला पर्याय नाही. बाकीच्यांनी डॉस आणि टर्बो घ्यावं: १०९.९५ डॉलर. आणि सीपी/एम-८६ आधीच घेऊन बसला असाल तर ती लगेच फेकू नका, टर्बो तिच्यावरही चालतं.