जलरंगात छोटे प्राणी शिकवणारा दांडिया बाजारातला क्लास: माझा अनुभव

नात पुण्याला असते, सहा वर्षांची. फोनवर बोलायचा तिला कंटाळा, पण पोस्टमनने आणलेलं पाकीट फोडायला फार आवडतं. गेल्या दिवाळीत मी तिला एक मांजर काढून पाठवलं, शाईपेनाने, प्रमाणबद्ध, कानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत मापात. तिने आईला विचारलं, "हे मांजर बसलंय का ठेवलंय?" अडतीस वर्षं मी ड्रॉइंग ऑफिसात पंप आणि व्हॉल्व्हचे आराखडे काढले. रेघ कशी मारायची ते मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी क्लास शोधायला निघालो.

बडोद्यात चित्रकला म्हटली की फाइन आर्ट्स. १९५० साली सुरू झालेली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ती फॅकल्टी, ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन या चित्रकारांनी जिथे शिकवलं ती. पण तिथला अभ्यासक्रम पूर्ण वेळ डिग्रीचा, माझ्या कामाचा नव्हे. त्याआधी अलकापुरीकडच्या एका हॉबी क्लासात मी दोन महिने काढले होते. तिथे छापील ससा ट्रेसिंगने कागदावर उतरवायचा, मग सर सांगतील तो रंग सांगतील तिथे भरायचा. शेवटी वीस जणांचे वीस ससे एकसारखे. घरी येऊन मला ससा काढता आला नाही, तेव्हा ते सोडलं.

हा क्लास दांडिया बाजारात, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर भरतो. पाटी नाही. आजूबाजूला विचारलं की "ताईंचा क्लास ना?" म्हणून जिना दाखवतात. रविवारी सकाळी आठ ते साडेदहा, असे आठ रविवार. फी तीन हजार दोनशे, सामान आपलं आपण आणायचं. मी मागच्या हिवाळ्याच्या बॅचला होतो. उत्तरायणामुळे, म्हणजे संक्रांतीमुळे, एक रविवार पुढे ढकलला, पण फीमध्ये आठच्या आठ तास मिळाले. ताई फाइन आर्ट्समध्येच शिकलेल्या. आमच्याशी मराठी, पोरींशी गुजराती, आणि घाई झाली की दोन्हींची खिचडी: "काका, पाणी ओछं करा, ब्रश टपकतोय." बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं.

पहिल्या दिवशी रंग उघडूच दिले नाहीत. प्रत्येकाने मनाने एक गमतीदार प्राणी पेन्सिलने काढायचा होता. आम्ही जे काढलं त्यात छत्री धरलेलं बेडूक होतं, चष्मा लावलेलं घुबड होतं, आणि माझी पगडी घातलेली शेळी होती. ताईंनी सगळे कागद गादीवर मांडले आणि एकेका टोपीवर, चष्म्यावर अंगठा ठेवत गेल्या. "आता काय उरलं?" खरंच काही उरत नव्हतं. पगडी झाकली की माझी शेळी म्हणजे पुस्तकातली आकृती. मग त्यांनी माझी पेन्सिल घेतली, तीच शेळी शेजारी पुन्हा काढली, फक्त मान पुढे घेतली आणि हनुवटी किंचित वर उचलली. फरक किती? फार तर तीन मिलिमीटर. पण ती शेळी आता कुणाच्या तरी ताटात डोकावत होती. "गंमत पगडीत नसते काका, मानेत असते."

या एका वाक्यासाठी मी हा क्लास कुणालाही सुचवीन. पुढचे सात रविवार त्याच वाक्याचा सराव होता. अंगाचा भार कुठल्या पायावर आहे, मान कुठे झुकली आहे, पोट जमिनीला टेकलंय की उचललंय, हे आधी ठरवायचं. कपडे, छत्र्या, पिशव्या सहाव्या रविवारपर्यंत बंद. मिलिमीटरचा फरक मला आयुष्यभर चूक म्हणून माहीत होता. इथे तोच फरक स्वभाव झाला, आणि माझा हात पहिल्यांदा मोकळा झाला.

दुसऱ्या रविवारी खार. मी तिच्या पाठीवर तीन पट्टे काढले, कारण लहानपणापासून रामाची तीन बोटं ऐकलेली. ताई म्हणाल्या, कमाटी बागेत जाऊन मोजून या. सोमवारी सकाळी सव्वासातला बाकावर शेंगदाणे ठेवून बसलो. वरून बघितलं तर तीनच. मग ती खोडावर आडवी झाली आणि दोन्ही बाजूंना, पोटाच्या वर, आणखी एकेक फिकट पट्टा दिसला. म्हणजे पाच. आपल्याकडची खार पाच पट्ट्यांची, दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची. बाजूचे दोन पट्टे इतके फिके असतात की ती वळल्याशिवाय नजरेत येत नाहीत.

खरी परीक्षा त्यापुढे. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. ते फिकट पट्टे काढायचे नसतात, सोडायचे असतात. ब्रशच्या टोकाने पट्ट्यांच्या मधली जागा भरायची आणि पट्टा आपोआप उरू द्यायचा. शेपटी मात्र उलटी: तिथे आधी नुसतं पाणी फिरवायचं, मग कागद तिरका धरून चमक बघायची. आरशासारखी चमक असेल तर थांबा, रंग वाहून जाईल. चमक उतरून ओल्या पाटीसारखी मंद झाली की ब्रशचं टोक टेकवा, रंग आपोआप केसांसारखा पसरतो. अगदी कोरडं झालं की रेघेला रेघच राहते. हा मधला वेळ आमच्या कोरड्या थंडीत अर्ध्या मिनिटाचा होता, पावसाळ्यात बराच लांबतो असं ताई म्हणाल्या. आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की रंग कडेला ढकलला जाऊन वेडीवाकडी झालर येते. क्लासात त्याला 'फ्लॉवर आला' म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी माझ्या प्रत्येक कागदावर फ्लॉवर आला. चौथ्या रविवारी ताईंनी तोच मुद्दाम आणायला लावला आणि कोंबडीच्या पोटाची पिसं झाली.

मगर मी स्वतः निवडली. विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाने दुसरं काय निवडायचं? २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, तेव्हा आम्ही गॅलरीतून खाली बघून दचकायचो. आता त्याच प्राण्याकडे काळ्या घोड्याच्या पुलावरून प्रेमाने बघत उभा राहिलो. थंडीत ऊन खायला ती गाळावर येते, जबडा उघडा ठेवते, आणि तासभर हलत नाही. नवशिक्याला यापेक्षा चांगलं मॉडेल मिळायचं नाही. तिचा राखाडी रंग काळा घालून करायचा नाही. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एकत्र करायचे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर जागच्या जागी दाणेदार पोत येतो. खवले एकेक काढायची गरज उरत नाही. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक खाचेत निळा ठिपका आणि उंचवट्यावर तपकिरी छटा. मी ते घरी सगळ्यांना दाखवलं. वाळल्यावर रंग एक छटा फिका पडतो, त्यामुळे ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे, हेही त्या मगरीनेच शिकवलं.

सामानाबद्दल, कारण इथे माझे पैसे वाया गेले आहेत. क्लास सुरू व्हायच्या आधी मी ऑनलाइन एक स्वस्त पॅड मागवलं. वर ३०० जीएसएम (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम) लिहिलेलं, कागद जाडही होता, पण पातळ रंगाच्या दुसऱ्या हाताला (वॉशला) पृष्ठभाग लोकरीसारखा उसवायला लागला आणि रंग डाग पडल्यासारखा बसला. विक्रेत्याने 'वापरलेला माल' म्हणून परत घेतलं नाही. नुसत्या वजनावर जाऊ नका, कागद शंभर टक्के कॉटनचा आहे का ते बघा. महाग पडतो, म्हणून पूर्ण शीट घेऊन पोस्टकार्डाच्या मापाचे, चौदा बाय नऊ सेंटिमीटरचे तुकडे कापा. छोट्या प्राण्याला तेवढंच लागतं. असं एक कार्ड चार ग्रॅमच्या आत भरतं, त्यामुळे दोन कार्डं आणि पातळ पाकीट साध्या पत्राच्या वीस ग्रॅममध्ये आरामात जातं. रंगांसाठी ताई सहाच ट्यूब सांगतात: पिवळा ऑकर, लेमन यलो, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. मी कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूब घेतल्या आणि माझं काही अडलं नाही. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेला हा कारखाना. शाळेत याच उंटाची वडी पाण्यात बुडवत होतो. ब्रशवर मात्र खर्च करा. आठ नंबरचा एकच गोल ब्रश, पण ओला करून झटकला की टोक सुईसारखं जुळलं पाहिजे. मांडवीतल्या दुकानदाराकडे पाणी मागून तिथेच तपासून घ्या, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. दहा जणांची बॅच सांगितली होती, आम्ही चौदा होतो. मागच्या रांगेत उजेड पुरत नाही, ट्यूबलाइटखाली पिवळा ऑकर आणि बर्न्ट सिएनातला फरक कळत नाही, आणि ताई तिथपर्यंत पोचेस्तोवर कागद वाळलेला असतो. हे मी त्यांना बोललो. पुढच्या बॅचला बारापेक्षा जास्त घेणार नाही म्हणाल्या. जिना उंच आणि अरुंद आहे, धरायला दोरखंड. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी येऊन बघून जावं. आणि डोळ्यांवर फारच कमी वेळ दिला. शेवटच्या तासाला वीस मिनिटांत उरकलं. प्राण्याच्या डोळ्यातला तो पांढरा बिंदू कुठे सोडायचा यावर खरं तर एक पूर्ण रविवार हवा. बिंदू जरा सरकला की नजर बदलते, आणि तो एकदा रंगाने बुजला की परत आणता येत नाही. मी अजून त्याच्याशीच झगडतोय.

लहान मुलांसाठी हा क्लास नाही, अडीच तास गादीवर बसणं त्यांना जमायचं नाही. झटपट भेटकार्ड बनवायला शिकायचं असेल तरीही नको. पण ज्यांना बागेतली खार, गच्चीवरचं वानर, गल्लीतली शेळी आपल्या हाताने कागदावर आणायची आहे, त्यांनी जरूर जावं.

मगरीचं कार्ड फेब्रुवारीत पुण्याला गेलं. तिच्या अंगावर टोपी नाही, छत्री नाही. फक्त मान डावीकडे वळवून ती पुलाकडे बघते आहे. चार दिवसांनी नातीचा स्वतःहून फोन आला. तिने विचारलं, "आजोबा, ती कुणाची वाट बघतेय?"

पुढची बॅच जूनमध्ये आहे. खिडकीजवळची जागा हवी असेल तर पावणेआठच्या आत पोचा, आणि पाण्यासाठी दोन भांडी न्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ.