एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोणतं पेप्टाइड घ्यावं: एफएमएलएफ की टफ्टसिन?

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत इम्युनॉलॉजीचा प्रोजेक्ट करायचा म्हटलं की वेळ कमी, बजेट त्याहून कमी. म्हणून आधीच सांगते: हाताशी एकच सेमिस्टर असेल तर एफएमएलएफ घ्या.

दोन्ही पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, इवलीशी. एफएमएलएफमध्ये तीन अमिनो आम्लं: फॉर्मिल गट लागलेलं मेथिओनिन, मग ल्युसिन आणि फेनिलअ‍ॅलानिन. जिवाणू आपली प्रथिनं फॉर्मिल-मेथिओनिननेच सुरू करतात. आपल्या शरीरात ही पद्धत फक्त मायटोकॉन्ड्रियात उरली आहे. त्यामुळे हा तुकडा दिसला की न्यूट्रोफिलला, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला, जिवाणूचा माग लागतो. पेशीच्या पृष्ठभागावरचा एफपीआर१ हा रिसेप्टर (संदेश ओळखणारं प्रथिन) त्या तुकड्याला पकडतो. नॅनोमोलर, म्हणजे अगदी अत्यल्प, प्रमाणातही पेशी त्या दिशेने सरकू लागतात, आणि प्रमाण वाढवलं की सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक तिखट रूप) सोडतात.

हे डोळ्यांनी दिसतं, म्हणूनच मला हा प्रयोग फार आवडतो. एनबीटी हा पिवळा रंग पेशींसोबत ३७ अंशांवर ठेवायचा. जाग्या झालेल्या न्यूट्रोफिलमध्ये सुपरऑक्साइडमुळे निळे-काळे कण साचतात. साध्या मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजा, त्यात निळ्या किती ते लिहा. कंट्रोलही (तुलनेचा नमुना) सुरेख मिळतो: फॉर्मिल गट नसलेलं तेच पेप्टाइड, ज्याचा परिणाम कितीतरी क्षीण असतो. एफएमएलएफ डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, तेव्हा नुसत्या डीएमएसओची स्लाइड हवीच. काचेला चिकटूनही न्यूट्रोफिल चेतवले जातात, त्यामुळे पेप्टाइड न घातलेल्या स्लाइडवरही थोडे निळे कण दिसणार. तो आकडा वजा केल्याशिवाय निकाल मांडू नका.

टफ्टसिनची गोष्ट जास्त गहिरी आहे. १९७० मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात नज्जर आणि निशिओका यांनी ते शोधलं. थ्रिओनिन, लायसिन, प्रोलिन, आर्जिनिन ही त्याची चार आम्लं आपल्याच आयजीजी अँटिबॉडीच्या आत दडलेली असतात. ती मोकळी व्हायला एक काप प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) एन्झाइमने द्यावा लागतो, दुसरा न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरच्या. प्लीहा काढलेल्या माणसांत टफ्टसिन कमी पडतं ते यामुळेच. हे पेप्टाइड पेशींची जंतू गिळण्याची ताकद वाढवतं.

पण मोजायचं म्हणजे यीस्टच्या पेशी द्या, प्रत्येक न्यूट्रोफिलने किती गिळल्या ते बघा, आणि आत गेलेली कोणती, नुसती चिकटलेली कोणती हे ओळखा. फरक बारीक असतो, आणि सीरममध्ये हे पेप्टाइड लवकर तुटतं. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) वापरायला मिळत असेल, गाइडला फॅगोसायटोसिसचा, म्हणजे पेशींच्या या गिळण्याच्या प्रयोगांचा, अनुभव असेल, तर मात्र टफ्टसिन जरूर घ्या. प्लीहेच्या प्रश्नाशी जोडलेला प्रोजेक्ट व्हायवात उठून दिसतो.

मुरामिल डायपेप्टाइडचाही (जिवाणूच्या भित्तीतल्या तुकड्याचाही) मोह होईल. त्याला एलायझा किट (अँटिबॉडीने प्रथिनं मोजणारे संच) लागतात, आणि एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाचा, अंश मिसळला तर निकाल फसवा येतो. पहिल्या प्रोजेक्टला नकोच.

रक्ताचं मात्र दोन्हींत सारखंच. एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढा, रक्त गोठू नये म्हणून नळी हेपरिनची घ्या; त्याच कामासाठी वापरलं जाणारं ईडीटीए पेशींना लागणारं कॅल्शियम बांधून टाकतं. आणि दाते कॉलेजातच शोधा. पावसात ट्रान्स-हार्बर लोकल रखडली, तर ठाण्याहून ऐरोलीला नळी पोचेपर्यंत न्यूट्रोफिल मलूल झालेले असतात.