प्रोग्रेसिव्ह म्हणून गळ्यात मारलेला बायफोकल

वयाच्या ४६ व्या वर्षी मला चाळिशी लागली आणि पतसंस्थेच्या पासबुकातील आकडे हात लांब केल्याशिवाय वाचता येईनासे झाले, तेव्हा देवगड तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात भरलेल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराला मी गेले. यंत्रावर हनुवटी टेकवली, दोन मिनिटांत नंबर निघाला. अशा यंत्रावर दूरचा नंबर अंदाजे कळतो. जवळचा वाढीव नंबर मात्र वाचनाचा तक्ता हातात देऊन, आपण किती अंतरावर काम करतो ते विचारूनच ठरवावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. डोळ्यांचा दाब तर कोणी पाहिलाच नाही. दूरचे, संगणकाचे आणि वाचनाचे अशी तिन्ही अंतरे साधणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा म्हणून माझ्याकडून ८,५०० रुपये घेतले.

चष्म्यातून खाडीपलीकडची झाडे स्पष्ट दिसत, पासबुकही वाचता येई, पण संगणकाचा पडदा धूसरच राहिला. "ताई, सवय व्हायला पंधरा दिवस लागतात," असे विक्रेता म्हणाला. खऱ्या प्रोग्रेसिव्हची सवय व्हायलाही काही दिवस जातातच, म्हणून मी विश्वास ठेवला, मान वर-खाली करीत डोकेदुखी सोसली, आणि तेवढ्या अवधीत त्याचा फोन कायमचा बंद झाला. खऱ्या गोष्टीच्या आडून मला थोपवून धरले, याचा मला पैशांपेक्षा अधिक संताप येतो.

कणकवलीच्या नेत्रतज्ज्ञांनी चष्मा पाहताच सांगितले की हा बायफोकल, म्हणजे दूरचा आणि वाचनाचा असे दोनच नंबर असलेला चष्मा आहे, फक्त दोन भागांमधली रेष घासून पुसट केलेली. त्यात खाली वाचनाचा गोल भाग असतो, त्याच्या कडेने धूसर पट्टा असतो, आणि मधल्या अंतराचा नंबर मुळीच नसतो. प्रोग्रेसिव्हच्या भिंगावर एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात आणि कानाकडच्या खुणेखाली बहुधा वाढीव नंबर असतो. भिंगावर तोंडाची वाफ धरून ते उजेडात तिरपे केले की त्या दिसतात. शिवाय ते बनवण्यापूर्वी फ्रेम चेहऱ्यावर चढवून बाहुलीच्या जागी पेनाने खूण करावी लागते. माझ्या बाबतीत हे झालेच नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार केली, परंतु माझ्याजवळ भिंगाचे नाव आणि दुकानाचा पत्ता असलेले बिल नव्हते, केवळ वहीच्या कागदावरची चिठ्ठी होती. त्याच शिबिरात चष्मे घेतलेल्या वाडीतील चार जणींना मी वाफेची ही परीक्षा करून दाखवली. एकीच्याही भिंगावर खुणा निघाल्या नाहीत.