नवेगावबांधचे मुरमाचे रस्ते: हिवाळा-उन्हाळा सायकल चालवल्यानंतर, आणि त्या गिट्टीबद्दल

गिट्टी ओतली म्हणजे रस्ता झाला, असं मानणाऱ्यांच्या हाती पाटाचे, म्हणजे कालव्याच्या कडेचे, रस्ते देऊच नयेत. हा अनुभव मी दिवाळीनंतर लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. आता अडीच हजारांचा टायर फाटल्यावर लिहितोय, त्यामुळे गिट्टीबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधची ओळख नव्याने करून देत नाही. साधारण 11 चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती सात बहिणींचे डोंगर, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधलेला बांध. त्यांनाच लोक आज कोलासूर म्हणून पुजतात. 1975 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की तलावाला पूर्ण चक्कर मारता येत नाही. पलीकडचं जंगल वाघाचं आहे. फाटकाच्या आत सायकल न्यायचा विचारही करू नका आणि चौकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. तो बिचारा आपल्याच जिवासाठी अडवतो.

उरते ती गावाकडची बाजू, आणि ती पुरून उरते. पाटाच्या कडेचे रस्ते, पांदणी (शेतांमधल्या बंडीवाटा), धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, धाबेपवनीकडे, बाराभाटीकडे निघणाऱ्या वाटा. सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत तीस-चाळीस किलोमीटर आरामात होतात. तेवढ्यात गाड्या म्हणाल तर एखादा ट्रॅक्टर, दुधाचे कॅन लावलेली एखादी मोटरसायकल, आणि गोहन, म्हणजे गावातल्या गुरांचा कळप, चरायला निघाला असेल तर पाच मिनिटं बाजूला उभं राहायचं. हायवेवर ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच या शांततेची किंमत कळेल. माझी सायकल साधी आहे, पुढे शॉकअप नाही, टायर 38 मिलिमीटरचे. मागे 45 आणि पुढे 40 पीएसआय हवा ठेवतो. याहून बारीक टायर इथे घालू नये.

आता मुरूम. चांगला मुरूम मुठीत घेतला की बारीक खडा, भरड वाळू आणि थोडी चिकट माती, तिन्ही बोटांना लागतात. पाणी मारून त्यावर रोलर फिरवला की माती खड्याला धरून बसते आणि वर टणक, किंचित खरबरीत पाठ तयार होते. पाऊस थांबून रस्ता वरून सुकला, पण आत ओल आहे, असे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस या रस्त्यांचे सर्वांत चांगले. चाकाखाली एकसारखी बारीक करकर, ना धूळ ना चिखल. डांबरापेक्षा मला हा रस्ता आवडतो, आणि हे मी डांबर मिळत नाही म्हणून म्हणत नाही. त्याच्यावर मनगटं दुखत नाहीत, दुपारी चटका मारत नाही, आणि खड्डा पडला तर दोन घमेली मुरूम टाकून गावातला माणूसच तो बुजवू शकतो. मार्चनंतर ओल गेली की माती पीठ होते, खडे सुटतात आणि वळणावर मागचं चाक सरकतं. तेव्हा वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही.

पांदणींबद्दल माझं मत मध्येच पार बदललं. सप्टेंबरात त्या बघितल्या आणि बाद केल्या. रोवणीच्या दिवसांत चिखलणीची लोखंडी केज व्हील लावलेले ट्रॅक्टर त्यांवरून गेलेले असतात आणि वीतभर खोल खाचा पडतात. सायकल हातात धरून चालणंही जड. पण धान कापून झालं, मळणीच्या ट्रॉल्या महिनाभर येऊन-जाऊन त्या खाचा दाबून गेल्या, आणि जानेवारीत त्याच पांदणी दोन्ही चाकोऱ्यांत गुळगुळीत होत्या. आता कोणी विचारलं तर जानेवारी-फेब्रुवारीत पाटाचा रस्ता सोडा आणि पांदणीने जा, असंच सांगतो. धुऱ्यावरचे मोह, पळस बघत जाता येतं ते वेगळं.

पांदणीचा त्रास एकच, काटे. कापणीनंतर कुपाटीला (कुंपणाला) बोर-बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतात आणि त्या ओढत नेताना काटे वाटेवर गळतात. बोराचा वाकडा काटा टायरमध्ये रुतून बसतो आणि हवा दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेली दिसते. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, भरलं तेव्हापासून हा त्रास जवळपास संपला. मात्र आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. डब्यावर सहा महिने लिहिलं असलं तरी उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. खर्च होतो, पण पंक्चर काढायला कोहमाऱ्यापर्यंत सायकल लोटत नेण्यापेक्षा परवडतो.

आता गिट्टी. पाटावरच्या ज्या पट्ट्यावर मी सर्वांत जास्त सायकल चालवली, साधारण अडीच किलोमीटरचा, तिथे फेब्रुवारीच्या शेवटी ठेकेदाराच्या टिप्परने गिट्टी आणून ओतली. क्रशरमधून निघालेली, मुठीएवढी नाही पण लिंबाएवढी नक्की, आणि प्रत्येक खड्याला तीन-चार धारदार कडा. रस्त्याचं काम सुरू झालं म्हणून मला आनंदच झाला होता. खडीकरणाची रीत ठरलेली आहे: गिट्टी पसरायची, कोरडा रोलर फिरवायचा, फटींत बारीक चुरी भरायची, पाणी मारून पुन्हा रोलर, आणि शेवटी वरून मुरमाचा थर. इथे पहिली पायरी झाली आणि टिप्पर गेला तो गेलाच. रोलर आला नाही, चुरी आली नाही, मुरूम नाही. खाली जो चांगला दाबलेला मुरूम होता, तोही या सुट्या दगडांखाली गेला. चाक पडेल तिथून दगड उडतो, हँडल हातात राहत नाही.

मी तरीही कडेच्या वीतभर पट्टीवरून जात राहिलो. मागच्या आठवड्यात समोरून बैलबंडी आली, मी मधे घेतलं, आणि मागच्या टायरची बाजू दोन बोटं उभी चिरली. खालून काटा घुसला तर सीलंट सावरतं, बाजूची चीर ते भरत नाही.

जिल्ह्याच्या गावात ज्या दुकानातून टायर घेतला तिथे गेलो. घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. "भाऊ, तुम्ही खराब रस्त्यावर चालवली, वॉरंटी बसत नाही." टायरच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ग्रॅव्हल, म्हणजे खडीचा रस्ता, छापलंय. मग हा टायर चालवायचा कुठे, फरशीवर? अर्धा तास बोललो. त्याने कंपनीला फोटो पाठवतो म्हटलं आणि अजून उत्तर नाही. दुकानदाराशी माझं वैर नाही, पण जे छापून विकता त्याची जबाबदारी घ्या. पैसे झाडाला लागत नाहीत.

टायर फेकणार होतो. गावातल्या पंक्चरवाल्या काकांनी हातात घेऊन बोटाने चीर चाचपली आणि म्हणाले, "फेकता कायले जी, गेटर टाकून देतो." जुन्या मोटरसायकलच्या टायरचा तुकडा कापला, कडा चाकूने उतरत्या केल्या म्हणजे आत टोचायला नको, सोल्युशन लावून आतून चिकटवला आणि चिरेवर जाड दोऱ्याने बाहेरून चार टाके घातले. पन्नास रुपये घेतले. त्या टायरवर मी रोज फिरतोय. हाताला टाका लागतो, बाकी काही जाणवत नाही.

माझ्या टायरचं भागलं. पण त्या रस्त्यावर मी हौसेने जातो, बाकीचे गरजेने. मानव विकास योजनेतून सायकल मिळालेल्या आठवी-नववीच्या मुली त्याच पाटाने शाळेत येतात. गिट्टी पडल्यापासून त्या पट्ट्यात उतरून सायकल लोटतात, दप्तर कॅरिअरला, एका हाताने ओढणी सावरत. एकीची स्लिपर गिट्टीत फसून तुटलेली मी बघितली. त्यांच्या सायकलींना सीलंट नाही आणि वरचेवर पंक्चरचे पैसे द्यायला घरी पैसे नाहीत. बैलांचे खूर दुखतात म्हणून बंडीवाले आता शेजारच्या बांधीतून चाकं काढतात, त्यावरून भांडणं लागली. ज्या रस्त्यावर मोटारी नाहीत तो रिकामा रस्ता नसतो. त्यावर पायी आणि सायकलने जाणारी माणसं असतात, आणि त्यांचं ऐकणारं कोणी नसतं, म्हणूनच गिट्टी तशीच पडून राहते.

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी थोडं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला माणसं जातात आणि अस्वलंही तिथेच येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलकडेला गर्दी असते. उजाडल्याशिवाय निघू नका, दिवस मावळायच्या तासभर आधी गावात या, कानात हेडफोन नको. दोन बाटल्या पाणी कमी पडतं. पाखरांसाठी यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, पाणपक्षी तेव्हाच भरपूर असतात. सारस बघायचा असेल तर हा रस्ता नव्हे. गोंदिया जिल्ह्यात ते आहेत, पण वाघ आणि वैनगंगा नद्यांच्या बाजूला.

कॅमेरा आणि गाडी घेऊन येणाऱ्यांना इथलं जंगल आवडतं. सायकलवाल्याला इथलं जंगल, पाणी आणि मुरूम तिन्ही आवडतील, त्या अडीच किलोमीटरचं सोडून. पावसाळ्याआधी मुरूम दाबला नाही, तर पहिल्या जोराच्या पावसात खालची माती वर येईल, गिट्टी तिच्यात रुतेल आणि तो पट्टा दोन वर्षं तरी हातचा जाईल. म्हणून गावातल्या बारा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन संबंधित खात्याकडे अर्ज दिला आहे. त्यात मुलींच्या पालकांच्या सह्या सर्वांत वर आहेत. पोच माझ्याकडे आहे. रोलर फिरला की इथे तसं लिहीन.

तोवर देवलगाव स्टेशनला सायकल उतरवून पाटाने येणाऱ्यांनी टिप्परने ओतलेले ढीग दिसायला लागले की पुढे जाऊ नये. तिथूनच डावीकडे पांदण निघते. दीड-दोन किलोमीटर जास्त पडतात, टायर वाचतो.