एसयू-२ : फुकटचा सॉल्व्हर आणि बेळगावचा पावसाळा

परवा टिळकवाडीत लाईट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली आणि एसयू-२ (हवेच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं फुकटचं सॉफ्टवेअर) वर चाललेला डबल कोनचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या दोन शंकूंचा, रन ऐन फाईल लिहिताना मेला. त्या रागात हे लिहितोय.

तक्रार एकच, रीस्टार्ट फाईलची (थांबलेला रन तिथूनच पुढे सुरू करायची फाईल). मूळ सेटिंगमध्ये एसयू-२ दर वेळी त्याच नावावर लिहितं. लिहिताना वीज गेली तर जुनी फाईल गेलेली आणि नवी अर्धवट! कॉन्फिगमध्ये रीस्टार्टचं ओव्हरराइट 'नो' केलं की नावापुढे इटरेशनचा (गणिताच्या फेरीचा) आकडा लागतो, मागची फाईल शाबूत राहते. मग डिस्क भरते, ती साफ करत बसा. २०१२ साली स्टॅनफर्डमधून हे प्रसिद्ध करणाऱ्यांच्या घरी आषाढात लाईट जात नसावी.

आता खरं काम. २५-५५ अंशांचा डबल कोन, लॅमिनार (म्हणजे खळबळ नसलेला, थराथरानं वाहणारा प्रवाह). दोन शंकूंच्या सांध्याशी सीमास्तर (भिंतीलगतचा मंद हवेचा थर) भिंतीपासून सुटतो, उलट्या फिरणाऱ्या हवेचा बबल तयार होतो, आणि प्रवाह पुन्हा चिकटतो तिथे उष्णतेचं शिखर येतं. रेसिड्युअल (समीकरणात अजून उरलेली चूक) रेंगाळतोय म्हणजे स्कीमच (गणिताची रीतच) कच्ची, असं मी बरेच महिने सगळ्यांना सांगत होतो. आता नाही सांगत. बबलला पूर्ण वाढायला मुळातच वेळ लागतो, आणि ग्रिड (हिशोबाची जाळी) बारीक केली की तो आणखी मोठा होतो, शिखराची जागाही हलते. भिंतीवरचा दाब लवकर जमतो. हीट फ्लक्स (भिंतीत शिरणारी उष्णता) मात्र जाळीतला भिंतीलगतचा पहिला सेल किती पातळ, यावर हट्ट धरून बसतो. नुसता दाबाचा आलेख दाखवून कुणी 'जुळलं' म्हणालं तर हीट फ्लक्स मागा. ऑक्टोबर १९६७ मध्ये मॅक ६.७ ला (आवाजाच्या वेगाच्या ६.७ पट) उडालेल्या एक्स-१५ या अमेरिकी रॉकेट-विमानाच्या पोटाखाली रॅमजेट इंजिनाचा नमुना टांगला होता. त्याच्या शॉकनं (दाबाच्या धक्का-लाटेनं) पायलॉनलाच, म्हणजे नमुना टांगलेल्या खांबालाच, भोकं पाडली. शिखर नेमकं कुठे येतं याला एवढी किंमत असते.

टर्ब्युलंट (खवळलेल्या प्रवाहाच्या) केसमध्ये एसएसटी या खळबळीच्या मॉडेलच्या हीट फ्लक्सवर माझा भरवसा नाही. तेवढंच.

माझे सर विचारतात, विकतचं पॅकेज का नको? परवान्याच्या पैशात मी जुना वर्कस्टेशन घेतला, रॅम वाढवली. हवेचे रेणू तुटतात त्या तापमानासाठी यातच नेमो मॉड्यूल आहे, पण तो चालवायचा तर रन आणखी लांबणार आणि वीजबिलही. आधी इन्व्हर्टरची बॅटरी, नेमो दिवाळीनंतर.