कानाला बिया चिकटवून बिडी सोडायला निघालो: सात महिन्यांनंतर

दसऱ्यानंतर यवतमाळला एका ॲक्युप्रेशरवाल्याकडे गेलो. वीस वर्षांची सवय, दिवसाला एक बंडल बिडी. त्याने कानाला पाच ठिकाणी मोहरीएवढ्या काळपट बिया चिकटपट्टीने लावल्या. एक वरच्या त्रिकोणी खळगीत, एक भोकाशेजारच्या वाटीत 'फुफ्फुसाची', बाकीच्या आसपास. तलफ आली की एकेक बी मिनिटभर दाबायची, चार-पाच दिवसांनी बदलायच्या. कानात डोकं खाली असलेल्या बाळासारखा अख्ख्या शरीराचा नकाशा असतो म्हणे. हा नकाशा फ्रान्सच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडला.

पहिले तीन दिवस वाईट. डोकं जड, चिडचिड, झोप नाही. बियांनी त्यात फरक पडला असं मला वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी कापूस वेचताना घामाने दोन पट्ट्या सुटल्या, एक बी सरीत हरवली. जास्त दाबून कानाची कातडीही सोलली, म्हणून आठवडाभर डाव्या कानाला सुट्टी.

पण हरभऱ्याच्या पाण्याला रात्रीची लाईन मिळाली, तेव्हा कळलं. बाराला मोटर सुरू, धुऱ्यावर (बांधावर) बसलेलो, अंगात थंडी. शेजारच्या भाऊंनी बिडी पेटवली आणि तो तेंदूपत्त्याचा वास नाकात घुसला. खिशात हात गेला, खिसा रिकामा. मग कानातली बी दाबत राहिलो, दुखेपर्यंत. पाचेक मिनिटांत जोर ओसरला. भाऊ म्हणाले, "कान काऊन खाजवून रायला बे?" सांगितलं तर हसले.

शास्त्र विचाराल तर कानाच्या दाबाने बिडी कायमची सुटते, याचा ठोस पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही. मला वाटतं, तलफ टिकते काही मिनिटं, आणि तेवढा वेळ हाताला काम मिळतं. माझा पाय घसरला तो वेगळ्याच ठिकाणी. बिडी सुटली म्हणून खूश होतो आणि बसस्टँडवर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटून घ्यायला लागलो. महिनाभर. तोंडात तंबाखूच की! बायकोने बंडलावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा १८०० ११ २३५६ हा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्या बाईंनी आधी हेच विचारलं, तंबाखूत खर्रा मोजला का? नव्हता मोजला. खर्रा सोडताना बियांपेक्षा तो फोन जास्त कामाला आला.

होळीला दोन बिड्या ओढल्या, हेही लिहितो. त्यानंतर नाही.

प्रत्येक खेपेला दोनशे रुपये आणि एसटीचं भाडं. चार खेपांनंतर मी पट्ट्या आणि बियांचं पान विकत घेऊन घरीच, आरशासमोर, लावायला लागलो. बायको जागा बरोबर दाखवते, मी चुकतो. पावसाळ्यात पट्टी टिकणार नाही, म्हणून मागच्या आठवड्यात सगळ्या काढल्या. उरलेलं पान देवघराच्या खणात पडून आहे.