वर्कशॉपचा कोबा, नऊ महिने आणि रोज सकाळची धूळ

काल सकाळी लेथच्या (धातू कातायचं यंत्र) बेडवरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ निघालं. मार्चपासून पहिल्यांदाच. म्हणून आता लिहायला बसलोय. आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

घरामागे १२ बाय १८ ची शेड आणि तिच्यात चार इंचाचा कोबा. (आमच्याकडे स्लॅब म्हटलं की तो डोक्यावरचा. पायाखाली असतो तो कोबा. सिमेंटच्या दुकानात मी 'जमिनीचा स्लॅब' म्हटलं तर दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला.) जोतं, भिंती, पत्रा यांचा खर्च इथे धरलेला नाही, फक्त जमिनीचा सांगतो. सौ.ला तीस हजार सांगितले होते, झाले ४४,५४०. घरात हा आकडा अजून 'पस्तीसच्या आसपास' आहे, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया गप्प राहावं.

अंदाज चुकला कारण मी हिशेब फक्त काँक्रीटचा केला. २१६ स्क्वेअर फूट, चार इंच जाडी, म्हणजे ७२ घनफूट, दोन घनमीटरला किंचित वर. एम २० ला (काँक्रीटची एक प्रत) घनमीटरमागे साधारण आठ पोती, म्हणून सतरा पोती आणली. सिमेंटचे ६,२९०, क्रश सँड आणि खडीचे ५,७००. बारा हजारात माल, वर मजुरी, असं गणित मनात पक्कं होतं. रेडीमिक्सवाल्यालाही फोन करून झाला. त्याची गाडी सहा घनमीटरची, मला हवं दोन. छोट्या ऑर्डरचा दर ऐकला आणि फोन ठेवला.

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, पूर्वी तिथं उसाचं रान होतं. काळी माती. मे महिन्यात भेगेत हात जाईल आणि जुलैत तीच माती फुगून वर येईल. तिच्यावर थेट कोबा टाकणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर फरशी बसवणं. दीड फूट माती काढली, जेसीबी आणि ट्रॉलीचे ४,५००. चार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम ५,२००, तीन थरांत पाणी मारून धुमस केली. त्यावर नऊ इंच सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, दगड आणि रचायची मजुरी धरून ७,६००. बेरीज १७,३००. म्हणजे ज्याच्यावर मी चालतो ते बारा हजाराचं आणि जे कधी दिसणार नाही ते सव्वासतरा हजाराचं! ८ एमएमची जाळी आठ इंचावर बांधली, ब्याऐंशी किलो, ४,९००. मिक्सर आणि गँगचे ९,५००. उरलेले ८५० प्लॅस्टिकचे, त्यावर नंतर येतो.

काम महाशिवरात्रीनंतरच्या आठवड्यात झालं. दुपारी दोनला कोबा पूर्ण आणि कोपऱ्यात तीन पोती सिमेंट शिल्लक. ठेकेदार म्हणाला, "मालक, तुमचं हजारभर वाचवलं बघा." मी इतका खूश झालो की गँगला चहाबरोबर भजीही सांगितली.

महिन्याभरानं लेथ आत घेतला. साडेचार फुटी, जुना, उद्यमनगरातून आणलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडवर पांढुरकी पूड. झाडलं, पुसलं. तिसऱ्या दिवशी परत. कोबा पिठाळत होता. चपलेनं घासलं की पांढरा पट्टा उठायचा. घरातल्या कुणालाही यात काही विशेष वाटेना, "पुसून घ्या की" एवढंच. पण लेथवर ज्यानं काम केलंय त्याला कळेल. ही पूड स्लाइडवेच्या (बेडच्या सरकत्या पट्ट्या) तेलात मिसळली की तिची ग्राइंडिंग पेस्ट होते आणि ती बेड खाते. मी सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढली, बेडवर कुणी चहाचा कप ठेवलेला मला चालत नसे. आता माझीच जमीन माझा लेथ खात होती.

एप्रिलात माझी खात्री झाली की दोष त्या तीन पोत्यांचा. सिमेंट कमी घातलं, माल हलका झाला. ठेकेदाराचे १,५०० मी राखून ठेवले होते ते तसेच ठेवले आणि फोनवर जरा चढ्या आवाजात बोललोही.

मग लेथला अँकर बोल्ट मारायला ड्रिल केलं आणि मत बदलावं लागलं. चार भोकं: सव्वातीन, साडेतीन, साडेतीन, चार. सोलिंगचे दगड वर आलेले, त्यामुळे जाडी सरासरी साडेतीनच बसली. साडेतीन इंचाला हिशेब केला तर येतात बरोबर चौदा पोती! म्हणजे प्रमाण ठीक होतं, जाडीच गेली. सोलिंगवर मुरूम किंवा कच पसरून सपाटी करून घेतली असती तर ही वेळ आली नसती. छोट्या लेथला साडेतीन इंच पुरतं, पण मी पैसे चार इंचाचे दिले आणि भजीसुद्धा चार इंचाचीच खायला घातली.

मग पूड कशाची? ती पाण्याची. त्या दिवशी काढलेला व्हिडिओ परत लावून बघितला. मिक्सरवरचा पोरगा एका पोत्याला पंधरा लिटरच्या तीन बादल्या ओततोय आणि मागून मिस्तरी ओरडतोय, "पानी सोड की लेका, थापी फिरंना झालीया!" आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम २० च्या नॉमिनल मिक्सला (ठरावीक प्रमाणाचा माल) पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी आहे. आमच्यात ४५ गेलं. जास्तीचं पाणी वर तरंगून आलं, त्यावर मिस्तरीनं कोरडं सिमेंट भुरभुरून झकास घोटाई केली. दिसायला आरसा. तो आरसाच आता निघत होता.

थोडं माझंही आहे. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, उन्हाचे दिवस, किमान दहा दिवस पाणी धरायला हवं होतं. आमच्याकडे नळ दिवसाआड. टँकरचे आठशे वाचवायला पाचव्या दिवशी कोब्यावर केलेल्या वाफ्यांतलं पाणी बंद करून गोणपाटावर आलो. गोणपाट दुपारपर्यंत खडखडीत. हे ठेकेदाराला सांगितलेलं नाही, इथे लिहितोय.

दुकानातल्या फ्लोअर हार्डनरचा (जमिनीचा वरचा थर घट्ट करणारं रसायन) भाव ३,२०० ऐकून परत फिरलो. मार्ग शेजारच्या काकांनी दाखवला, ते फाउंड्रीत कोअर शॉपला होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसणारे वाळूचे गाभे करायच्या खात्यात. म्हणाले, "अरं, कोअरच्या वाळूत घालतो ते सोडियम सिलिकेट आण की. हार्डनर म्हंजे त्याचाच भाऊ." खरं आहे. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी ते धरतं आणि वरचा थर घट्ट होतो. पाच लिटर ४०० ला मिळालं. एकास चार पाणी, कोबा धुऊन वाळवून, दिवसाआड तीन हात. हातमोजे घाला, मी पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि बोटं दोन दिवस चरचरत होती. पूड पूर्ण गेली म्हणणार नाही, दारापाशी अजून थोडी निघते. पण लेथखाली बंद. ४०० रुपयांत! दिवाळीत मला झालेला हा एकमेव आनंद.

भेगेबद्दल थोडक्यात. भेग यायचीच तर कटातच यावी म्हणून मधोमध नऊ फुटांवर एक इंच खोल कट मारून द्या असं मी सांगितलं होतं. ठेकेदार म्हणाला, "एवढ्याशा जागेला कट कशाला?" जूनमध्ये भेग आली, नऊ फूट दोन इंचावर, जवळपास सरळ. कोबा माझं ऐकतो, ठेकेदार ऐकत नाही.

आता ते ८५० चं प्लॅस्टिक. अडीचशे मायक्रॉनचा काळा कागद सोलिंगवर अंथरला तेव्हा सगळी गँग हसली, "मालक, शेततळं करताय काय?" यंदा जुलैत शेजारच्या गाळ्यात जमिनीला इतकी ओल की पोती खालून भिजली. माझ्याकडे कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका सप्टेंबरपर्यंत कोरडा. (मी स्वतः ड्रिलनं चार भोकं पाडूनही.) सगळ्या खर्चात मनापासून पटलेला हा एकच आकडा.

उरलेल्या तीन पोत्यांपैकी दोन अंगणात लागली, तिसरं पावसाळ्यात दगड झालं आणि आता शेडचं दार अडवायला ठेवलंय. ठेकेदाराचे १,५०० अजून माझ्याकडे आहेत. परवा त्याचा फोन आला होता, पैशासाठी नाही, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला कोब्याचा फोटो हवा म्हणून. मी म्हटलं, "या की स्वतः. येताना काळी चप्पल घालून या."